ब्लड ग्रुप म्हणजे आपल्याकडे काय नाही त्याची गोष्ट

आईचा ग्रुप ए, बाबांचा बी आणि मुलाचा रिपोर्ट आला ओ. हे कसं काय? हा प्रश्न इतक्या लोकांना पडतो, आणि त्यातले निम्मे तो मोठ्याने विचारत नाहीत कारण त्यात एक नको ती शंका लपलेली असते. तर आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे जीव भांड्यात पडेल: हे एकदम नॉर्मल आहे. ए आणि बी आईबाबांना ए, बी, एबी, ओ यातलं कुठलंही मूल होऊ शकतं. लॅबची चूक नाही, दवाखान्यात अदलाबदल नाही, आणि तिसरी शंका तर सोडूनच द्या.

पण हे "का" ते समजून घ्यायचं तर ब्लड ग्रुपकडे बघायची आपली सवयच थोडी उलटी करावी लागते. आपण म्हणतो माझ्याकडे ए आहे, तिच्याकडे बी आहे. खरी गंमत आपल्याकडे काय नाही यात आहे. चुकीचं रक्त चढवल्यावर जीव जातो तो त्या नसलेल्या गोष्टीमुळे, बाळाला त्रास होतो तो पण नसलेल्या गोष्टीमुळे, आणि सगळ्यात दुर्मिळ ग्रुप दुर्मिळ असतात ते पण त्यांच्याकडे जगावेगळं काही असतं म्हणून नाही, सगळ्यांकडे असलेलं काहीतरी त्यांच्याकडे नसतं म्हणून.

आधी थोडा इतिहास, लांबवत नाही. १६६७ मध्ये पॅरिसमध्ये ज्याँ-बाप्तिस्त देनी नावाच्या डॉक्टरने माणसाला चक्क कोकराचं रक्त दिलं. काही पेशंट वाचले (रक्त थोडंच गेलं म्हणून बहुतेक), नंतर एक दगावला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तिथे हा प्रकार बंद पडला. मग १८१८ मध्ये लंडनला जेम्स ब्लंडेलने माणसाचं रक्त माणसाला द्यायला सुरुवात केली, त्यात बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या बायका पण होत्या, पण तेव्हाही तेच, एक वाचायचा आणि दुसरा तडफडून जायचा आणि का ते कुणालाच माहीत नाही. निव्वळ जुगार.

हा जुगार थांबवला कार्ल लँडस्टायनरने, व्हिएन्नात, १९०१ मध्ये. त्याने केलेला प्रयोग इतका साधा आहे की वाचल्यावर वाटतं हे आधी कुणाला कसं सुचलं नाही. स्वतःचं आणि लॅबमधल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, प्रत्येकाच्या लाल पेशी वेगळ्या केल्या, वरचं पिवळसर पाणी म्हणजे सीरम वेगळं केलं, आणि मग याच्या पेशी त्याच्या सीरममध्ये, त्याच्या याच्यात, असं सगळं एकमेकांत मिसळून बघितलं. काही जोड्यांमध्ये काहीच झालं नाही, काहींमध्ये पेशींच्या गुठळ्या झाल्या. कोणाच्या कोणाबरोबर होतात त्याचा तक्ता मांडला तर माणसं तीन गटात पडली: ए, बी आणि सी. हा सी म्हणजे आजचा ओ. एबी त्याच्या तक्त्यात नव्हताच कारण तो मुळातच कमी लोकांचा असतो, तो १९०२ मध्ये त्याच्याच सहकाऱ्यांना सापडला. लँडस्टायनरला नोबेल मिळालं १९३० मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी.

आता मुख्य गोष्ट, पेशीवर नक्की असतं काय? साखर. खरंच साखर, म्हणजे चहातली नाही पण त्याच कुळातली. लाल पेशीच्या अंगावर छोट्या छोट्या साखरेच्या माळा लटकत असतात, एका पेशीवर लाखांच्या हिशोबात. ही माळ बहुतेक सगळ्या माणसांमध्ये सारखीच असते आणि तिच्या टोकाशी फ्युकोज नावाचा एक मणी असतो. इथवरच्या माळेला म्हणतात एच अँटीजेन (अँटीजेन म्हणजे पेशीवरची ओळखीची खूण). आता ज्याच्याकडे ए जीन आहे त्याच्या शरीरात एक एन्झाइम (काम करणारं प्रथिन, आपला कारागीर म्हणा) तयार होतं, ते या माळेला शेवटी अजून एक मणी ओवतं, त्याचं नाव एन-असिटिल गॅलॅक्टोसामिन (नाव विसरलात तरी चालेल). ज्याच्याकडे बी जीन आहे त्याचं एन्झाइम त्याच जागी दुसरा मणी ओवतं, साधा गॅलॅक्टोज. एबी वाल्यांकडे दोन्ही कारागीर असतात त्यामुळे काही माळांना हा मणी, काहींना तो. आणि ओ वाल्यांकडे? काहीच नाही, माळ एचवरच संपते. ओ हे अक्षर शून्यासारखं दिसतं ते इथे एकदम फिट बसतं.

लक्षात घ्या की जीनमध्ये "साखर" लिहिलेली नसते. जीनमध्ये कारागिराची, म्हणजे एन्झाइमची कृती असते. ए चा कारागीर आणि बी चा कारागीर हे जवळपास जुळे भाऊ आहेत, दोघेही साडेतीनशेच्या आसपास अमायनो अ‍ॅसिडचे बनलेले, आणि फरक फक्त ४ ठिकाणी. चार ठिकाणी बदल झाला की हात वेगळा मणी उचलतो. आणि त्या एका मण्याच्या फरकावर माणूस जगणार की मरणार ठरू शकतं, हे मला आजही थोडं अविश्वसनीय वाटतं.

मग ओ चा कारागीर कुठे गेला? ही माझी आवडती गोष्ट आहे त्यामुळे जरा थांबतो. ओ जीन म्हणजे वेगळा काही जीन नाही, बिघडलेला ए जीन आहे तो. त्यातलं एक अक्षर गळलंय. फक्त एक. पण जीन वाचला जातो तीन-तीन अक्षरांच्या गटात, त्यामुळे एक अक्षर गळलं की पुढचं सगळंच सरकतं. आपल्या भाषेत करून बघू. समजा पूर्वीच्या तारेसारखा तुटक निरोप आहे, प्रत्येक शब्द तीन अक्षरी: "बबन उठव मदन पकड छगन अडव". आता यातला "ठ" खोडा आणि तरीही तीन-तीन अक्षरंच वाचायची सक्ती करा. काय येतं? "बबन उवम दनप कडछ गनअ डव". पहिला शब्द ठीक, पुढे सगळी बोंब. ओ जीनमध्ये नेमकं हेच होतं, आणि वर त्या बडबडीत थोड्याच अंतरावर चुकून "थांबा" असा सिग्नल तयार होतो, त्यामुळे एन्झाइम जेमतेम एक तृतीयांश बनून अर्धवट सुटतं, मणी ओवायचा हातच बनत नाही. सगळे ओ याच एका अक्षराने झालेले नाहीत, इतर प्रकारचे बिघाड पण सापडलेत, पण जगात सर्वात जास्त आढळणारा हाच.

(आणि इतका बिघडलेला जीन असूनही ओ वाल्यांचं काही अडत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये तर जवळपास सगळेच ओ आहेत.)

आता आईबाबांच्या प्रश्नाकडे परत. हा जीन ९ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बाबांकडून. ए आणि बी दोघंही दिसतात, कुणी कुणाला दाबत नाही. ओ मात्र काही करतच नाही त्यामुळे दुसऱ्या प्रतीमागे लपून जातो. म्हणजे रिपोर्टवर "ए" लिहिलेल्या माणसाकडे आत दोन ए असतील किंवा एक ए आणि एक ओ असेल, बाहेरून कळत नाही. तसंच बी चं. आईकडे ए-ओ, बाबांकडे बी-ओ असेल तर आईने ओ दिला, बाबांनी पण ओ दिला, की मूल ओ. शक्यता चारात एक. तिघेही चौघेही भावंडं वेगवेगळ्या ग्रुपची निघू शकतात. एकाच जीनच्या ए, बी, ओ अशा तीन प्रकारांचा हा हिशोब फेलिक्स बर्नस्टाईन नावाच्या गणितज्ञाने १९२४ मध्ये मांडला, लॅबमध्ये पाऊल न टाकता, नुसते लोकांचे आकडे बघून. त्याआधी लोकांना वाटायचं ए आणि बी चे दोन वेगळे जीन असतील, याने आकडेमोड करून दाखवलं की तसं असतं तर एबी माणसं जितकी दिसायला हवीत तितकी दिसत नाहीत.

या हिशोबाने एबी आणि ओ आईबाबांना साधारणपणे एबी किंवा ओ मूल होत नाही, फक्त ए किंवा बी. साधारणपणे म्हणतोय कारण अपवाद आहेत आणि ते पुढे येतीलच. म्हणून ब्लड ग्रुप बघून कुणाच्या आईबापावर शंका घ्यायच्या फंदात पडू नका, त्यासाठी डीएनए टेस्ट असते.

आता इम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराचं पोलीस खातं. ए ग्रुपच्या माणसाच्या रक्तात बी विरुद्धच्या अँटीबॉडी (परक्या गोष्टीला जाऊन चिकटणारी प्रथिनं) तयारच असतात. बी वाल्याकडे ए विरुद्ध. ओ वाल्याकडे दोन्हीविरुद्ध. एबी वाल्याकडे कुठलीच नाही. नियम सोपा आहे: जे तुमच्याकडे नाही त्याविरुद्ध तुम्ही शस्त्र घेऊन बसलेले आहात. पण यात एक विचित्र गोष्ट आहे, नीट विचार केला तर खटकायला हवी. गोवराच्या अँटीबॉडी गोवर झाल्यावर किंवा लस घेतल्यावर येतात. मग ज्या ए वाल्याने जन्मात कधी कुणाचं रक्त घेतलं नाही त्याच्याकडे बी विरुद्ध अँटीबॉडी आल्या कुठून? बी ची आणि याची भेट झाली कधी?

भेट झाली आतड्यात. आपल्या पोटात जे अब्जावधी बॅक्टेरिया राहतात त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावर ए आणि बी सारख्याच साखरा असतात. बाळ जन्मल्यावर काही महिन्यांत हे बॅक्टेरिया मुक्काम ठोकतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं. आता बाळ ए ग्रुपचं असेल तर ए सारखी साखर त्याला स्वतःचीच वाटते, तिच्याविरुद्ध हत्यार बनवणाऱ्या पेशी आधीच बाद केलेल्या असतात. पण बी सारखी साखर परकी, तिच्याविरुद्ध बनवून टाकतो. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं की या साखरेची माणसं पण असतात. १९५९ मध्ये गेऑर्ग स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी हे कोंबडीच्या पिल्लांवर दाखवलं, साध्या वातावरणात वाढलेल्या पिल्लांमध्ये मानवी बी विरुद्धच्या अँटीबॉडी आल्या, आणि पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांमध्ये त्या वयात आल्याच नाहीत.

यातून एक फार सुंदर गोष्ट निघाली. बाळाच्या स्वतःच्या या अँटीबॉडी साधारण ३ ते ६ महिन्यांनी दिसायला लागतात, त्याआधी रक्तात असतात त्या आईकडून आलेल्या. म्हणजे सुरुवातीचे काही महिने अशी एक खिडकी असते की बाळाकडे शस्त्रच नाही. टोरोंटोच्या डॉक्टरांनी याचा फायदा घेऊन तान्ह्या बाळांना वेगळ्या ब्लड ग्रुपचं हृदय बसवलं, जे मोठ्या माणसात केलं तर हृदय तिथल्या तिथे बंद पडेल, आणि २००१ मध्ये त्याचे निकाल छापले. बाळं जगली. आणि पुढे मोठी झाल्यावर त्या बसवलेल्या हृदयाच्या ग्रुपविरुद्ध अँटीबॉडी त्यांनी बनवल्याच नाहीत, कारण आता ती साखर त्यांच्या घरचीच झाली होती. "आपलं" कशाला म्हणायचं हे शरीर किती लवकर आणि किती भाबडेपणाने ठरवतं बघा.

चुकीचं रक्त चढवलं तर काय होतं? या अँटीबॉडी बहुतेक आयजीएम प्रकारच्या असतात, पाच जणांनी हात धरून फुगडी घालावी तसा आकार, एकूण दहा हात, त्यामुळे एकाच वेळी बऱ्याच पेशी पकडून गुठळी करतात. लॅबमधल्या काचपट्टीवर दिसते ती हीच गुठळी. पण शरीरात खरा घात गुठळीने नाही, त्यानंतर होतो. अँटीबॉडी चिकटली की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं एकामागून एक जागी होतात आणि पेशीला भोकं पाडतात. पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, हिमोग्लोबिन मोकळं सुटतं, लघवी लाल-काळपट होते, थंडी वाजून ताप, पाठीत-कंबरेत दुखणं, बीपी खाली, किडन्या बसतात, रक्त नको तिथे गोठायला लागतं. आणि हे मिनिटांत सुरू होतं, पूर्ण बाटली जायची गरज नाही. म्हणून रक्त लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं नर्स पेशंटजवळ थांबते. आणि म्हणूनच पेशंटचं नाव आणि नंबर तीन-तीनदा विचारतात, तर चिडू नका, कारण या अपघातांमागे बहुतेक वेळा टेस्ट चुकलेली नसते, लेबल किंवा पेशंट चुकलेला असतो.

ओ म्हणजे सगळ्यांना चालणारा दाता हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते फक्त लाल पेशींपुरतं खरं आहे. प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला रक्ताचा पातळ भाग, द्यायचा असेल तर पाटी एकदम उलटी होते, ओ वाल्याच्या प्लाझ्मात दोन्ही शस्त्रं भरलेली, तो फक्त ओ लाच चालतो, आणि एबी चा प्लाझ्मा सगळ्यांना चालतो कारण त्यात दोन्ही नाहीत.

आता पॉझिटिव्ह-निगेटिव्हकडे येऊ. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप लेव्हाइन आणि रूफस स्टेटसनने एक केस छापली. एका बाईचं मूल पोटात दगावलं, तिचं रक्त खूप गेलं, म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं, ए-बी-ओ च्या हिशोबाने ग्रुप जुळत होता, तरी तिला जबरदस्त रिअ‍ॅक्शन आली. म्हणजे अजून काहीतरी होतं जे नवऱ्याकडे आणि त्या बाळाकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर (हो, तोच, आता अमेरिकेत) आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या पेशी वापरून केलेल्या प्रयोगातून आरएच हे नाव आलं. गंमत म्हणजे नंतर कळलं की माकडाच्या पेशींनी तयार झालेली अँटीबॉडी भलत्याच अँटीजेनविरुद्ध होती, पण तोपर्यंत नाव रुळलं होतं, तेच राहिलं.

आरएच ही साखर नाही, हे प्रथिन आहे, पेशीच्या भिंतीत शिवल्यासारखं आतबाहेर गेलेलं. पॉझिटिव्ह म्हणजे त्यातलं डी नावाचं प्रथिन आहे, निगेटिव्ह म्हणजे नाही. आणि इथलं "नाही" म्हणजे एखादं अक्षर गळालेलं नाही, युरोपियन वंशाच्या निगेटिव्ह लोकांमध्ये तर बहुतेक करून तो अख्खा जीनच क्रोमोसोमवरून गायब आहे. त्यांच्यात सुमारे १५ टक्के लोक निगेटिव्ह असतात, पूर्व आशियात १ टक्काही नाही. दोघं आईबाबा पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह होऊ शकतं, लपलेली रिकामी जागा दोघांकडून आली की झालं.

पण आतड्यातल्या बॅक्टेरियांवर डी नसतं. त्यामुळे निगेटिव्ह माणसाकडे डी विरुद्ध अँटीबॉडी जन्मतः तयार नसतात, प्रत्यक्ष भेट व्हावी लागते. आणि ती भेट व्हायची सगळ्यात कॉमन जागा म्हणजे बाळंतपण. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, बाळ बाहेर येताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, तोवर उशीर झालेला असतो, बाळ तर बाहेर आलंय. पण आईचं शरीर ते लक्षात ठेवतं. दुसऱ्या वेळी बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असेल तर या वेळच्या अँटीबॉडी आयजीजी प्रकारच्या असतात, सुट्या, छोट्या, आणि त्यांना वार म्हणजे प्लॅसेंटा ओलांडू देतो. खरं तर ती आईची भेटच असते, याच मार्गाने ती बाळाला आजारांविरुद्धच्या अँटीबॉडी देत असते. पण या त्या वाटेने जाऊन बाळाच्या लाल पेशी मारतात. बाळाला अ‍ॅनिमिया, अंगावर सूज, जन्मानंतर जबर कावीळ, कधी पोटातच मृत्यू.

यावर जो उपाय निघाला तो इतका हुशार आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. काहींच्या लक्षात आलं होतं की आई आणि बाळाचे ए-बी-ओ पण जुळत नसतील तर ही आरएच ची भानगड कमी होते. का? कारण समजा आई ओ निगेटिव्ह आणि बाळ ए पॉझिटिव्ह, तर बाळाच्या आत आलेल्या पेशींना आईच्या ए विरुद्धच्या तयार अँटीबॉडी आल्या आल्या गारद करतात, डी ची ओळख व्हायला वेळच मिळत नाही. मग विचार असा की आपणच बाहेरून तयार अँटी-डी दिल्या तर? लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी हे करून दाखवलं आणि १९६८ पासून हे इंजेक्शन वापरात आलं. साधारण २८ व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत एक. गर्भपात झाला, पोटावर मार लागला, रक्तस्राव झाला तरी विचारायचं डॉक्टरांना, लोक हे विसरतात. आणि हे औषध कारखान्यात रसायनं ढवळून बनत नाही, ज्यांच्या रक्तात अँटी-डी आहे अशा लोकांच्या प्लाझ्मातून काढतात. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ मध्ये ११७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला, त्यातून बनलेली इंजेक्शनं लाखो आयांपर्यंत पोचली.

इथेच तो दुसरा ठरलेला प्रश्न: नवरा-बायकोचा ब्लड ग्रुप एकच असला तर मुलाला त्रास होतो का? नाही. उलट एकच असणं सगळ्यात बिनधोक. बघायचं असेल तर एवढंच की बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह आहे का, आणि असेल तरी लग्न मोडायचं कारण नाही, एक इंजेक्शन वेळेवर घ्यायचं.

आता तो राहिलेला अपवाद. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे लोक सापडले ज्यांच्या पेशी टेस्टमध्ये ओ सारख्या वागत होत्या, ना ए ना बी, पण त्यांचं सीरम ओ च्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं. म्हणजे ज्या ओ ला सगळे चालवून घेतात तो पण यांना चालेना. आपल्या माळेकडे परत या. त्या फ्युकोजच्या मण्याला एक वेगळा जीन लागतो, १९ नंबरच्या क्रोमोसोमवर. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर एच च बनत नाही, आणि एच नाही तर ए-बी च्या कारागिराने मणी ओवायचा कुठे? तो हातात मणी घेऊन उभा. बॉम्बे ग्रुप तो हाच. त्यांच्याकडे एच नाही म्हणून एच विरुद्ध पण अँटीबॉडी आहेत, आणि बाकी सगळ्यांच्या पेशींवर कमी-जास्त एच असतोच, ओ वर तर सगळ्यात जास्त. म्हणून बॉम्बेला फक्त बॉम्बे चालतो. भारतात हे साधारण १० हजारात १ असं सांगतात, युरोपात १० लाखात १.

याच माणसाच्या आत कदाचित धडधाकट बी जीन बसलेला असतो, फक्त दिसत नाही. तो मुलाला गेला, मुलाला दुसऱ्या पालकाकडून चांगला एच जीन मिळाला, की कागदावर "ओ" आणि "ओ" असलेल्या आईबाबांना बी मूल. म्हणून मघाशी म्हटलं की फंदात पडू नका. आणि म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये नुसत्या पेशी तपासून थांबत नाहीत, सीरम पण उलट बाजूने तपासतात, दोन्ही उत्तरं जुळली तरच ग्रुप लिहितात. नुसत्या पेशी बघितल्या तर बॉम्बेवर बिनदिक्कत ओ चा शिक्का बसतो.

ए-बी-ओ आणि आरएच हे फक्त दोन. आज ब्लड ग्रुपच्या अशा ४५ पेक्षा जास्त सिस्टीम मान्य आहेत. केल, किड, डफी अशी नावं, यातली बरीच ज्या पेशंटमध्ये पहिल्यांदा सापडलं त्यांच्या नावावरून. डफी तर भारी आहे. पश्चिम आफ्रिकेत जवळपास सगळ्यांच्या लाल पेशींवर डफी नसतो, आणि व्हायव्हॅक्स मलेरियाचा जंतू पेशीत शिरायला तेच दार वापरतो. १९७६ मध्ये लुई मिलरच्या टीमने हा संबंध दाखवला. दारच नाही तर शिरणार कुठून (अगदीच अभेद्य नाही, नंतर काही ठिकाणी आत शिरलेला सापडलाय). ओ चं पण तसंच, फाल्सिपेरम मलेरिया झालाच तर ओ वाल्यांमध्ये तो गंभीर व्हायचं प्रमाण कमी असतं. पण कॉलरा झाला तर ओ वाल्यांना जास्त झोडपतो. रक्त गोठवायला लागणारं व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन ओ मध्ये सुमारे २५ टक्के कमी असतं, त्यामुळे गुठळ्यांचा धोका थोडा कमी. असे हे देणंघेणं चालू असतं, म्हणून कुठलाच ग्रुप जिंकून बाकीचे संपले नाहीत. ग्रुपवरून स्वभाव ओळखणं आणि ग्रुपनुसार डाएट यावर मी शब्द वाया घालवत नाही.

सगळं "नसणं" फुकट मात्र नसतं. आरएच चं एकही प्रथिन नसलेले लोक जगात ५० पेक्षा कमी माहीत आहेत, त्यांना आरएच-नल म्हणतात. त्यांचं रक्त आरएच च्या कुठल्याही दुर्मिळ पेशंटला चालू शकतं म्हणून त्याला गोल्डन ब्लड म्हणतात, पण त्या माणसांच्या पेशींचा आकार बिघडलेला असतो, लवकर फुटतात, अ‍ॅनिमिया राहतो. आणि त्यांना स्वतःला रक्त लागलं तर पन्नासातला कुणीतरी शोधा.

शेवटी एक: ब्लड ग्रुप बदलतो का? बोन मॅरो (हाडांतला मगज, लाल पेशी तिथेच बनतात) ट्रान्सप्लांट झालं तर हो. ए ग्रुपच्या पेशंटला ओ दात्याचा मॅरो बसवला की काही महिन्यांत त्याच्या सगळ्या लाल पेशी ओ होतात, कार्डावर ओ लिहायची वेळ येते. मग नियमाप्रमाणे त्याच्याकडे ए विरुद्ध अँटीबॉडी यायला हव्यात ना? सहसा येत नाहीत. कारण ती ए ची साखर फक्त रक्तात नव्हतीच कधी, ती रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असते, आतड्यात असते, बऱ्याच जणांच्या थुंकीत पण असते, आणि ते सगळं अजून जुनंच आहे. त्यामुळे लॅबवाला पेशी तपासतो तर उत्तर येतं ओ, सीरम तपासतो तर उत्तर येतं ए, आणि तो फॉर्म हातात घेऊन वॉर्डात फोन लावतो की याचं ट्रान्सप्लांट झालंय का हो?